‘बरंय’ म्हणजे काय?

आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. हे लिहावं की नाही, यावर स्वतःशीच बराच खल केला. घरातली मंडळी इथे वाचायला येतात, त्यांनी रागावू नये. यात आपण सगळेच आहोत, मीसुद्धा.

आत्या कॅन्सरच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत होती. पहिला टप्पा. या टप्प्यात मुख्यतः बघतात ते माणसाला किती डोस झेपतो हे. फॉर्मवर तसं लिहिलंही होतं. आम्ही वाचलं, सही केली, आणि डोक्यात फक्त ‘नवीन औषध’ एवढंच राहिलं.

रात्रभर तिची पाठ ठणकायची. सकाळी सिस्टर विचारायच्या, "काय मावशी, कसं वाटतंय?" ही म्हणायची, "बरंय." मला मात्र घरी म्हणाली, "अरे, दुखतंय म्हटलं तर ट्रायलमधून काढतील मला." आणि आम्ही माना डोलावल्या!

पॅलिएटिव्ह केअरचं विचारलं, तर उत्तर मिळालं, "एवढ्यात कशाला? नंतर बघू." नंतर म्हणजे कधी हो?

जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ सालीच सांगितलंय की ही शुश्रूषा आजाराच्या सुरुवातीपासून, केमो-रेडिएशनच्या जोडीनं द्यावी. २०१० साली बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांना पहिल्यापासून ही शुश्रूषा मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालंच, शिवाय ते सरासरी जास्त जगले: ११.६ महिने, इतरांचे ८.९. म्हणजे ही काही हात टेकल्यावर करायची गोष्ट नव्हे.

कुणी म्हणेल, मध्ये दुसरी औषधं आली की चाचणीचा निकाल गढूळ होतो. बरं, आणि आत्याच्या त्या ‘बरंय’नं काय झालं? औषधाचा त्रास किती होतो हे बघायलाच चाचणी, आणि कागदावर काय, तर त्रास नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे. दुखतंय असं सांगितलं तर डोस कमी होईल की औषध थांबेल, हे सहीआधी तोंडी, आपल्या भाषेत सांगा. आणि औषध थांबलं तरी दुखण्यावरचा इलाज थांबणार नाही, हेही सांगा. त्या डॉक्टरांची भेट पहिल्याच दिवशी घडवा.

असो. तुमच्या घरी कुणी चाचणीत असेल, तर ‘बरंय’ ऐकून उठू नका. जरा बसा, आणि पुन्हा विचारा. आम्ही विचारलं नाही.