पाहुण्याचा मान आणि विद्यार्थ्याचा सवाल

अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा 7 नोव्हेंबर 2010 रोजी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात विद्यार्थ्यांशी बोलायला आले होते. त्या वेळी अफगाणिस्तानात सुमारे 1 लाख आणि इराकमध्ये 50 हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. म्हणजे पाहुणा काही साधासुधा नव्हता, आणि मुस्लिम जगात त्याच्या देशाविषयी रागही कमी नव्हता.

त्यांच्या पत्नी मिशेल यांनी आधीच मुलांना सांगितले होते की अवघड प्रश्न विचारा. मुलांनी ते मनावर घेतले. एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, जिहादविषयी तुमचे मत काय? ओबामांनी उत्तर दिले की या शब्दाचे इस्लाममध्ये अनेक अर्थ आहेत, बहुसंख्य मुसलमान शांती आणि न्याय मानतात, पण काही अतिरेक्यांनी निरपराधांवरच्या हिंसेसाठी धर्माचा विपर्यास केला आहे. मग पाकिस्तानला तुम्ही दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही, असाही सवाल आला. हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होते, असे ते म्हणाले. उत्तरे सगळ्यांना पटली असतील असे नाही. पण कॉलेजने स्वागत केले, मुलांनी सवाल केले, पाहुण्याने जबाब दिला. ज्याचे काम त्याने केले.

आता याच्या उलट उदाहरण बघा. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आपल्या शहराला परके नाही, बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात तिथेच शिकले. 24 सप्टेंबर 2007 रोजी इराणचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांना तिथे भाषणासाठी बोलावले होते. निमंत्रण रद्द करा म्हणून मोठा दबाव होता. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी तो मानला नाही, ही गोष्ट चांगलीच. पण पाहुण्याने तोंड उघडण्याआधीच बोलिंजर यांनी त्यांना क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची उपमा दिली. अहमदीनेजाद म्हणाले, आमच्याकडे वक्त्याला बोलावले की विद्यार्थ्यांना स्वतः निर्णय करू देतात, आधीच फिर्याद मांडत नाहीत.

आम्ही अहमदीनेजाद यांचे वकील नाही. ज्यूंच्या कत्तलीवर त्यांनी शंका घेतली, ते चूक होते आणि अन्यायही होता. इराणमध्ये विचारवंतांना तुरुंगात टाकले जात होते, हेही खरे. हे सवाल त्यांना विचारायलाच हवे होते. पण ते विचारण्याचा हक्क समोर बसलेल्या मुलांचा होता. यजमानच फिर्यादी झाला की पाहुण्याचा अपमान होतो आणि विद्यार्थ्यांचाही, कारण त्यांना स्वतःची अक्कल नाही असे धरले जाते. प्रत्यक्षात इराणमध्ये समलिंगी नाहीतच, असा दावा अहमदीनेजाद यांनी केला तेव्हा सभागृह हसले. त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आपल्या दीनने हा फरक फार आधी शिकवला आहे. नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेत आले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिद-ए-नबवीत जागा दिली, अकीद्याचा मतभेद मात्र झाकला नाही. ह. मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे पाठवताना अल्लाहने नरमीने बोलण्याचा हुकूम दिला. फिरऔनहून मोठा जालिम कोण? तरी जबान नरम ठेवायची होती. पण बनी इस्राईलला सोड, ही मागणी त्या नरमीत विरघळली नाही. अदब म्हणजे गप्प बसणे नव्हे. आणि हक बोलणे म्हणजे शिवीगाळही नव्हे.

खरी परीक्षा पाहुणा निघून गेल्यावर असते. त्याच कोलंबियात, अध्यक्ष बदलल्यावर, 18 एप्रिल 2024 रोजी गाझासाठी तंबू ठोकून बसलेल्या विद्यार्थ्यांवर पोलीस बोलावले गेले आणि 100 हून अधिक जणांना अटक झाली. परदेशी नेत्याला चार शब्द सुनावण्याची हिंमत दाखवणारे विद्यापीठ स्वतःच्या मुलांचे शब्द ऐकू शकले नाही. आपल्याकडेही नोव्हेंबर 2023 मध्ये आयआयटी मुंबईत इस्राईल-पॅलेस्टाइनवरचे एक व्याख्यान रद्द झाले. व्याख्यानच झाले नाही तर असहमत मुलांनी सवाल तरी कुठे विचारायचा?

हे सगळे आम्ही का मांडतो आहोत? पडेगावातून कितीतरी मुले-मुली शहरातल्या कॉलेजांत आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जातात. घरातून निघताना आपण त्यांना काय सांगतो? "बेटा, पढने जा रहे हो, पढके आओ, जबान मत चलाना." ही भीती उगाच नाही. आपल्या मुलाच्या सवालाचा अर्थ त्याच्या नावावरून काढला जातो, हे आम्ही शिक्षक मंडळीही पाहतो. पण गप्प राहायला शिकलेले मूल अन्याय झाल्यावरही गप्पच राहते. मनात साठलेला राग मग एखाद्या दिवशी मोबाईलवर शिवी होऊन बाहेर पडतो, आणि त्याची किंमत सगळे घर मोजते.

म्हणून जबान बंद करायला सांगू नका, वापरायला शिकवा. आधी वक्त्याचे पूर्ण ऐकायचे. मग उभे राहून सलाम किंवा नमस्कार करायचा, एकच सवाल विचारायचा, आणि तो माहितीवर उभा असला पाहिजे. घोषणा देऊन पाहुण्याचे भाषण बंद पाडायचे नाही, आणि पाहुणा मोठा आहे म्हणून सवाल गिळायचाही नाही. आपल्या आवडीच्या नेत्यालाही हाच नियम लावायचा, मग तो तेहरानचा असो की अंकाराचा.

उद्या मुलगी कॉलेजातून येऊन म्हणाली, आज मी मोठ्या पाहुण्यांना सवाल विचारला, तर "तुला काय गरज होती?" असे म्हणू नका. सवाल काय होता आणि कसा विचारलास, तेवढे विचारा.