कूळ की मुंडकार? प्लेसमेंटला निघण्यापूर्वी

चौथं सेमिस्टर संपत आलं की कॉलेजात एकच प्रश्न फिरायला लागतो, "तुला प्लेसमेंट मिळाली?" पूर्वी हा प्रश्न फक्त समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचा होता. पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजात बीएसडब्ल्यू करणारी माझी मैत्रीण पहिल्या वर्षापासून 'फील्डवर्क, फील्डवर्क' करत असायची आणि आम्ही साहित्यवाले तिला हसायचो. आता आमचीही तीच धावपळ. गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू केले आणि यूजीसीच्या सूचनांप्रमाणे चौथ्या सेमिस्टरनंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप आली. १२० तास केले की ४ क्रेडिट्स. मराठी-इंग्रजी साहित्य शिकणारे आमच्यातले बरेच जण मग सामाजिक संस्था, अंगणवाडी, वृद्धाश्रम, पंचायत असं काहीतरी शोधायला लागले. मीही त्यातलीच.

या शोधाची तयारी कशी होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सीव्ही, बोनाफाईड, प्राचार्यांचं पत्र, पालकांचं संमतीपत्र, तासांचा तक्ता. झालं, आपण तयार! या कागदांत काही वाईट नाही, ते लागतातच. पण पेडणे आणि डिचोली तालुक्यात जायचं असेल तर याच्याआधी एक तयारी हवी, आणि ती कुठल्याच यादीत नसते. ती म्हणजे भाषेची. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. या दोन तालुक्यांत क्षेत्रकार्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याने तिथल्या लोकांचे शब्द आधी शिकून घ्यावेत, आणि ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेत नोंद करायची मुभा कॉलेजने त्याला द्यावी. ही मुभा नसेल तर १२० तासांत आपण जे लिहून आणतो त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, व्याकरण कितीही बरोबर असलं तरी.

एक उदाहरण घेऊया. पेडण्यातल्या एखाद्या गावात म्हातारी आजी तुम्हाला सांगते, "आम्ही मुंडकार." शेजारच्या घरातला बाब म्हणतो, "आम्ही कूळ." तुमच्या इंग्रजी रिपोर्टात दोघंही 'टेनंट' होतात. पण गोव्यात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा. कुळांसाठी १९६४ चा कूळ कायदा आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्यांना कसत असलेल्या जमिनीचे मालक मानलं गेलं. मुंडकारांसाठी १९७५ चा वेगळा कायदा. त्यात घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण आहे आणि घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क आहे. म्हणजे दोन वेगळी माणसं, दोन वेगळे कायदे, दोन वेगळे दावे. एखादाच माणूस दोन्ही असतो, तेव्हा तर गुंता आणखी वाढतो. आजीला मदत करायची म्हणून तुम्ही वकिलाला किंवा संस्थेच्या ताईंना 'टेनंट' म्हणून फोन केलात, तर आजीला चुकीच्या दारात उभं केलंत.

त्यात डिचोली तालुक्यातलं मये गाव आणखी निराळं. पोर्तुगीज राजवट संपल्यावर तिथल्या जमिनीचा मालक निघून गेला आणि ती मालमत्ता 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या लोकांना हक्क देण्यासाठी कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं. मयेत कुणी "कस्टोडियन" म्हणाला तर त्या एका शब्दात साधारण पन्नास वर्षं आहेत. ती माहीत नसतील तर तुम्ही फक्त मान हलवणार.

दुसरा शब्द 'खाण'. डिचोलीतले आपण सगळेच हा शब्द ऐकत मोठे झालो. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं बंद. रिपोर्टात आपण लिहितो, 'मायनिंग अफेक्टेड फॅमिली'. कुठली? कर्ज काढून ट्रक घेतला आणि खाण बंद झाल्यावर ज्याच्या घरी बँकेच्या नोटिसा आल्या, ती? की खाणीची माती पावसात वाहून आली आणि ज्यांचं भाताचं शेत पडीक राहिलं, ती? दोघंही खाणीने बाधित. एकाला खाण सुरू व्हायला हवी, दुसऱ्याला नको. घरात बसून दहा मिनिटं बोलणं ऐकलं तर हे कळतं, कारण पहिला म्हणतो "खाण बंद पडली" आणि दुसरी म्हणते "खाणीनं शेत खाल्लं". क्रियापदातच सगळं आहे. आपण साहित्याचे विद्यार्थी कवितेतल्या क्रियापदावर दोन पानं लिहितो. हेच कान बाहेर गावात का वापरू नयेत?

पेडण्यात तसंच 'जमीन गेली' हे वाक्य. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या बाजूला कुणी म्हणतं "जमीन गेली", कुणी म्हणतं "दिली", कुणी म्हणतं "घेतली". इंग्रजीत तिघांचीही 'अक्वायर' झाली. कोण समाधानी, कोण नाइलाजाने गप्प आणि कोण अजून भांडतंय, हे सगळं त्या एका शब्दाखाली पुरलं जातं.

आता कुणी म्हणेल, तिथे बोलतात ती तर कोकणी, मग मराठीचं काय एवढं? बरोबर आहे. घरात, बाजारात, बसमध्ये बोलणं कोकणीतच, आणि पेडण्याची कोकणी डिचोलीच्या कोकणीहून वेगळी. पण सकाळचा पेपर मराठी, लग्नाची पत्रिका मराठी, दशावतारी नाटक मराठी, देवळातलं भजन-कीर्तन मराठी, आणि जुन्या पिढीतल्या पुष्कळ लोकांची शाळाही मराठी. राजभाषा कायदा १९८७ चा; त्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते. म्हणून माझा हिशोब साधा आहे: ऐकायचं कोकणीत, लिहून दाखवायचं मराठीत. आपण लिहिलेलं त्या माणसाला स्वतः वाचता आलं पाहिजे. "मी असं म्हटलेलं नाही" हे म्हणायचा हक्क त्याला आहे, आणि इंग्रजी रिपोर्ट तो हक्क काढून घेतो.

मी कॅथलिक. घरी कोकणी, मिस्सा कोकणी, प्राथमिक शाळा गावची, म्हणून मराठी, कॉलेज इंग्रजी. आडनाव सांगितलं की लोक माझ्याशी पटकन इंग्रजीत बोलायला लागतात, आणि मी मराठीत उत्तर दिलं की थोडं थबकतात. त्यानंतर जे बोलणं होतं ते वेगळं असतं. आमच्यासारख्यांना आणखी एक गोष्ट आधीच ठरवून जावं लागतं. पत्राच्या माथ्यावर संताचं नाव असलेल्या कॉलेजातून आलेली मुलगी दारात उभी राहिली की कुणाच्या मनात प्रश्न येऊ शकतो, ही कशासाठी आली? तो प्रश्न अपमान मानू नये. पहिल्याच भेटीत, त्यांच्या भाषेत, स्पष्ट सांगावं: शिकायला आले आहे, इतके दिवस येणार, हे विचारणार, हे लिहिणार, आणि तुमचं नाव कुठे येणार नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं १६१६ साली. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता, आपला तो नाही. पण मधल्या सदतीस वर्षांत त्यांनी इथली बोली इतकी मनापासून शिकली की तिचं व्याकरणही लिहिलं. आपल्याकडे सदतीस वर्षं नाहीत, पण दोन आठवडे तर आहेत ना?

त्या दोन आठवड्यांत काय करता येईल? मला उपयोगी पडलेलं सांगते. पहिलं, संस्थेला किंवा पंचायतीला पाठवायचं पत्र मराठीत लिहा, आणि सोबत कॉलेजचं इंग्रजी पत्र जोडा. ईमेल करून वाट बघत बसण्यापेक्षा एकदा स्वतः जाऊन या. मराठी पत्र समोरचा माणूस तुमच्यासमोरच वाचतो आणि तिथल्या तिथे दोन प्रश्न विचारतो. त्यातच अर्धी मुलाखत होऊन जाते. दुसरं, बस बघून घ्या. पेडणे शहरापर्यंत बस मिळते, पुढच्या गावाला संध्याकाळची शेवटची किती वाजता, हे माहीत नसेल तर तासांचा तक्ता कोलमडतो. तिसरं, जमलं तर एका ग्रामसभेला मागे बसून या. वर्षातून निदान चारदा होते, बहुतेक रविवारी. गावात कशावरून भांडण आहे ते दोन तासांत कळतं. चौथं, शब्दांची वही करा: कूळ, मुंडकार, भाटकार, सनद, गृह आधार, दयानंद योजना. प्रत्येक शब्दाचा अर्थ गावातल्या माणसाकडूनच विचारून लिहा. पाचवं, मुलांशी संबंधित काम असेल तर कायदा वाचून जा. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. फोटो काढून स्टेटसला लावायची सवय घरी ठेवून जा.

एवढं करून कुणी गेलं, ऐकलं, मराठीत नोंदी केल्या, तर पुढे काय होतं? माझ्या बाबतीत एका मार्गदर्शकांनी नोंदवहीवर शेरा मारला, "सर्व इंग्रजीत लिहून पुन्हा सादर करावे." त्यांची अडचण मला समजते. बाहेरचे परीक्षक मराठी वाचणारे असतीलच असं नाही. नोकरीसाठी इंग्रजी रिपोर्ट दाखवावा लागतो. शिवाय गोव्यात भाषेचा विषय काढला की वाद पेटतो, त्यापेक्षा इंग्रजी सगळ्यांना सारखी. यातलं एकही कारण खोटं नाही. पण त्यावर मधला मार्ग आहे. अंतिम रिपोर्ट इंग्रजीत असू दे. रोजची नोंदवही मात्र ऐकलेल्या भाषेत असावी, आणि रिपोर्टात माणसांची वाक्यं मूळ शब्दांत देऊन खाली इंग्रजी अर्थ द्यावा. कोकणी रोमी लिपीत लिहिणाऱ्याला तीच मुभा रोमीत असावी. गुण नोंदवहीलाही असावेत. यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, एक सूचना काढली तरी पुरे.

मराठीत नोंदी म्हणजे कमी दर्जाचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी अनिल अवचटांचं 'माणसं' उघडून बघावं. शिक्षणाने डॉक्टर असलेला माणूस कष्टकऱ्यांमध्ये जाऊन बसला, त्यांचं बोलणं, मजुरी, दुखणी साध्या मराठीत लिहीत गेला, आणि तेच आज आपण साहित्य म्हणून वाचतो. भारतात समाजकार्याचं औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं, तेही नागपाड्याच्या वस्तीतल्या नेबरहूड हाऊसमध्ये. म्हणजे शाळाच वस्तीत होती. वस्तीत शाळा काढणाऱ्यांना हे कळत होतं, की शिकवणारे वर्गातच नसतात.

आणि आपलं मंडळ? आपण दरवर्षी कवितावाचन करतो, मराठी दिन साजरा करतो, निबंधस्पर्धा घेतो. या वर्षी त्यात एक काम वाढवूया. प्लेसमेंटला जाणाऱ्या कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला मराठी पत्र लिहून देणं, आणि पेडणे-डिचोलीच्या शब्दांची एक सामायिक वही तयार करणं. पेडण्याची मुलं पेडण्याचे शब्द देतील, डिचोलीची डिचोलीचे. समाजकार्यवाले कायदा तपासतील, आपण भाषा बघू. पुढच्या वर्षी जो कुणी चांदेलला किंवा पिळगावला जाईल, त्याच्या पिशवीत बोनाफाईडबरोबर ही वहीसुद्धा असेल. नावं नोंदवायची असतील तर शुक्रवारी दुपारी मंडळाच्या बैठकीला या. माझी वही मी घेऊन येते. त्यात आतापर्यंत एकेचाळीस शब्द आहेत, आणि निदान सहा शब्दांवर माझ्याशी भांडायला कुणीतरी पेडणेकर मला हवाच आहे.