तुऱ्याला बक्षीस, वंशाला वनवास

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कोंबड्यांवर लेख आलेला पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांचें समाधान करणें अवघड नाहीं. कुक्कुटांच्या झुंजींचें ज्ञान वात्स्यायनानें चौसष्ट कलांत गणलें आहे; आणि दंडीनें 'दशकुमारचरितां'त प्रमतीच्या कथेंत कोंबड्यांची झुंज रंगवितांना त्या दोन पक्ष्यांच्या जातींचीं नांवेंहि वेगवेगळीं दिलीं आहेत. कोंबड्यांत जाती असतात, त्या ओळखाव्या लागतात आणि ओळखणारा रसिक असावा लागतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कमीपणाची वाटली नाहीं. शिवाय आम्ही ज्या वादांत उतरत आहों तो केवळ खुराड्यांतला नाहीं. जुनी वस्तु राखणें म्हणजे तिच्यांतलें नक्की काय राखणें, हा तो वाद होय. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याच्याशीं कर्तव्य नाहीं असें कोण म्हणेल?

अलीकडे युरोप-अमेरिकेंत 'वारसा कोंबड्या' या नांवाखालीं जुन्या जातींच्या पैदाशीला मोठी प्रतिष्ठा आली आहे, आणि त्या वाऱ्याची झुळूक आपल्याकडेहि पोंचली आहे. या पंथाच्या अभिमान्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : प्रत्येक जातीचें एक प्रमाण ग्रंथांत लिहिलेलें आहे. तुऱ्याला दांते किती, कानाची पाळी तांबडी कीं पांढरी, पिसाच्या कडेची रेघ कोणत्या रंगाची, पायाला बोटें चार कीं पांच, हें सर्व त्यांत ठरलेलें आहे. प्रदर्शनांत परीक्षकानें त्या प्रमाणाशीं पक्षी ताडून पाहावा, सरस ठरेल त्याला बक्षीस द्यावें आणि त्याचीच संतति वाढवावी, म्हणजे जात सुरक्षित राहिली. आमचें म्हणणें असें कीं, हा सिद्धान्त अर्धाच खरा आहे. आणि त्याचा जो अर्धा भाग खोटा आहे त्यानें गेल्या पावणेदोनशें वर्षांत चांगल्या चांगल्या जातींची माती केली आहे.

या पंथाचा उगम पाहण्यासारखा आहे. इंग्लंडांत इ. स. १८३५ च्या कायद्यानें कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. आपला कोंबडा चिवट, चपळ आणि शूर आहे हें सिद्ध करण्याचें मैदान गेलें, तेव्हां शौकिनांनीं प्रदर्शनाचा पिंजरा जवळ केला. पुढें दहा वर्षांनीं, १८४५ सालीं, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेंत पहिलें मोठें कुक्कुट-प्रदर्शन भरलें. त्याच सुमारास चीनमधून आलेले, पायांवर पिसें असलेले कोचीन जातीचे प्रचंड पक्षी राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिशाळेंत दाखल झाले, आणि त्यांच्यापायीं लोकांना अक्षरशः वेड लागलें. १८४९ सालीं बोस्टन येथें प्रदर्शन भरलें व तें वेड अमेरिकेंतहि पसरलें. जॉर्ज बर्नहॅम नांवाच्या गृहस्थानें या धंद्यांत हात ओले करून घेतले, आणि १८५५ सालीं त्याच वेडाचा थट्टेखोर इतिहास लिहून प्रसिद्ध केला! १८६५ सालीं इंग्लंडांत व १८७४ सालीं अमेरिकेंत प्रमाणग्रंथ छापून निघाले. म्हणजे आज ज्या 'शुद्ध जाती'ला आपण सनातन समजून हात जोडतों, तिचें शास्त्र आगगाडीपेक्षांहि तरुण आहे.

परीक्षकाच्या शब्दांत सामर्थ्य किती असतें, हें डार्विननें चांगलें ओळखलें होतें. पाळीव प्राणी व वनस्पति यांच्यांत होणाऱ्या फेरबदलांवर त्याचा जो ग्रंथ १८६८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत तो सांगतो कीं, स्पॅनिश कोंबड्याचा पूर्वीं लोंबणारा तुरा ताठ उभा असावा असें परीक्षकांनीं ठरवितांच चारपांच वर्षांत तो उभा झाला. शौकिनांच्या कौशल्याची ही कमाल खरीच. परंतु तिच्यांतच धोक्याची सूचना आहे. चारपांच वर्षांत जो तुरा उभा करतो, तो तेवढ्याच वर्षांत दुसरें कांहीं आडवें पाडीत असेल तर? परीक्षक ज्या गुणाकडे पाहतो तो वाढतो; ज्याकडे पाहत नाहीं तो जागच्या जागीं राहील अशी हमी नाहीं. कारण उघड आहे. शंभर पिलांतून दहा ठेवावयाचीं आणि तीं सर्व तुऱ्यावरून ठरवावयाचीं, म्हटलें म्हणजे जोमदार पण वाकड्या तुऱ्याचें पिलूं सुरीखालीं जातें आणि रोगट पण सरळ तुऱ्याचें पिलूं पुढच्या पिढीसाठीं राखलें जातें. त्यांत जवळच्या नात्यांतले जोड लावण्याची शौकिनांची रीत; मग अंडीं कमी उबतात आणि पिलें दुबळीं निपजतात.

त्याच स्पॅनिश जातीची पुढची गति पाहा. काळींभोर पिसें, पांढराशुभ्र चेहरा आणि मोठालीं पांढरीं अंडीं भरपूर घालण्याची ख्याति, यांमुळें ही कोंबडी एके काळीं इंग्लंड-अमेरिकेंत घरोघर हवीशी होती. प्रदर्शनवाल्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर बसली. पांढरें कातडें वाढतां वाढतां इतकें लोंबूं लागलें कीं, कांहीं पक्ष्यांना त्यांतून नीट दिसेनासें झालें. आणि चेहरा वाढत गेला तसा काटकपणा ओसरत गेला. पिलें हळवीं निघूं लागलीं. शेवटीं ज्या गृहिणीनें तिला अंड्यांसाठीं पाळलें होतें तिनें ती सोडली, आणि ती दुर्मिळ जातींच्या यादींत जाऊन बसली. तिचा घात वैऱ्यांनीं केला नाहीं, भक्तांनीं केला.

याहून बोलका दाखला ऑर्पिंग्टन जातीचा आहे, कारण तेथें एकाच पूर्वजाच्या दोन वंशांना दोन निराळे परीक्षक भेटले. विल्यम कुक यानें १८८६ सालीं केंट परगण्यांतील ऑर्पिंग्टन गांवीं मिनोर्का, लँगशान व प्लिमथ रॉक यांच्या संकरानें ही काळी कोंबडी काढली. तिनें अंडींहि द्यावींत आणि तिचें मांसहि ताटांत शोभावें, एवढाच त्याचा सरळ हेतु होता. इंग्लंडांत ती प्रदर्शनवाल्यांच्या हातीं पडली. पिसारा फुगत गेला, पक्षी कापसाच्या गाठोड्यासारखा दिसूं लागला, आणि अंड्यांची कीर्ति मागें पडली. त्याच काळ्या ऑर्पिंग्टनचे पक्षी ऑस्ट्रेलियांत गेले. तेथील पैदासकारांनीं त्यांना अंडीं घालण्याच्या चढाओढींत उतरविलें, जेथें अंडीं मोजलीं जातात आणि पिसाऱ्याची वकिली चालत नाहीं. १९२२-२३ सालीं यांतल्या सहा कोंबड्यांनीं ३६५ दिवसांत १,८५७ अंडीं घातलीं. म्हणजे दर कोंबडीस सरासरी ३०९ हून अधिक! हीच ती ऑस्ट्रलॉर्प. रक्त तेंच, परीक्षक बदलला आणि जातीचें दैव बदललें. पुढें १९२९ सालीं अमेरिकन प्रमाणग्रंथांत तिलाहि जागा मिळाली. तिच्या अभिमान्यांनीं थोरल्या बहिणीची गत विसरूं नये, एवढीच आमची विनंति आहे.

कोणी म्हणेल, पिसारा फुगविल्यानें गुण जातो हें मान्य. पण तुऱ्यासारख्या क्षुल्लक खुणेवर कटाक्ष ठेविल्यानें काय बिघडतें? याचें उत्तर वायनडॉट ही अमेरिकन जात देते. तिच्या प्रमाणांत गुलाबतुरा, म्हणजे बसका व दाणेदार तुरा, सांगितला आहे. सरळ एकेरी तुऱ्याचें पिलूं निपजलें तर तें बाद. आतां मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाहि लागू पडतात, हें बेटसननें १९०२ सालीं दाखविलें तें कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. पुढच्या संशोधनांत असें आढळून आलें कीं, गुलाबतुऱ्याचा अंश ज्या कोंबड्याला आई व बाप या दोघांकडूनहि मिळालेला असतो त्याची प्रजननशक्ति उणी पडते. एकाकडूनच मिळालेला असेल तर ती शाबूत राहते. म्हणजे प्रमाणाच्या दृष्टीनें जो कोंबडा सर्वांत शुद्ध तोच वंश वाढविण्यास कमी लायक! आणि म्हणूनच, पिढ्यान्पिढ्या काढून टाकिलें तरी एकेरी तुऱ्याचें पिलूं या जातींत पुनः पुनः डोकें वर काढतें. शुद्धतेच्या कैवाऱ्यांनीं त्याला कलंक मानावें, यापरता विपर्यास तो कोणता?

आतां प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू घेऊं. ते म्हणतात, 'आम्ही नसतों तर या जाती उरल्याच नसत्या.' हें खरें आहे, आणि तें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. अमेरिकेंत 'उद्यांची कोंबडी' या नांवाची जी देशव्यापी स्पर्धा झाली, तिच्या १९४८ च्या अंतिम फेरींत कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस यांनीं तांबड्या कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांच्या संकरानें काढलेले पक्षी पहिले आले, आणि व्यापाराचा ओघ संकराकडे वळला. आज बाजारांतली ब्रॉयलर कोंबडी सहासात आठवड्यांत कापणीला येते. तिच्यापासून तशीच पुढची पिढी काढणें शेतकऱ्याच्या हातीं राहिलेलें नाहीं; पिलें दर खेपेला विकतच आणावीं लागतात. व्यापारानें जुन्या जाती टाकल्या तेव्हां परसांतल्या शौकिनांनीं त्या उचलल्या, हा त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु उपकार कबूल केला म्हणून हिशेब विचारूं नये असें थोडेंच आहे? व्यापाऱ्यानें केवळ वजनाकडे पाहून पक्ष्याचे पाय अधू केले. शौकिनानें केवळ रूपाकडे पाहून त्याचा जोम घालविला. एकाच्या दोषानें दुसऱ्याचा दोष धुऊन निघत नाहीं.

अमेरिकेंत १९७७ सालीं स्थापन झालेल्या लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनें 'वारसा कोंबडी'ची जी व्याख्या केली आहे, तींत प्रमाणग्रंथांतील जुन्या जातीची अट आहेच. पण तिच्या जोडीला आणखी तीन अटी आहेत. पैदास नैसर्गिक समागमानें व्हावी. पक्षी मोकळ्या हवेंत दीर्घकाळ जगून उपयोगी पडणारा असावा. आणि त्याची वाढ सावकाश व्हावी, सोळा आठवड्यांच्या आंत तो बाजाराच्या वजनाला येऊं नये. प्रदर्शनवाल्यांनीं पहिली अट तोंडपाठ केली. उरलेल्या तीन कोणी तपासल्या? पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या कोंबड्याकडे पांच मिनिटें पाहून त्यांतली एकहि तपासतां येत नाहीं.

हा परदेशाचा पाल्हाळ आम्ही कशासाठीं लाविला? कारण आपण आज १८३५ नंतरच्या इंग्लंडच्याच जागीं उभे आहों. असील हा आपला झुंजार कोंबडा. त्याचें रक्त कॉर्निश जातींत गेलें आणि तिच्या द्वारें जगाच्या ब्रॉयलरांत उतरलें. १९६० च्या कायद्यानें आपल्याकडे प्राण्यांच्या झुंजी लावणें गुन्हा ठरलें. त्या झुंजी अजून चोरून चालतात. त्यांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण तमिळनाडूंत असीलाच्या वंशांतला, पोपटासारख्या आंखूड चोंचीचा व लांब शेपटीचा कोंबडा प्रदर्शनांत मिरवूं लागला आहे, आणि रूपावर त्याची किंमत चढते आहे. चोंच हें दाणे टिपण्याचें हत्यार. तें किती आंखूड होऊं द्यावें याची मर्यादा प्रदर्शनाचा परीक्षक घालणार काय? असीलाची मादी अंडीं थोडीं घालते, पण खुडूक बसली म्हणजे नेटानें उबविते आणि पिलांसाठीं घारीवरहि धांवून जाते. तिच्या या आईपणाला कोणत्या प्रदर्शनांत गुण मिळतात?

कडकनाथाची कथा निराळी, पण बोध तोच. झाबुआकडील भिल्ल-भिलाल्यांनीं सांभाळलेल्या या जातीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; आणि पाहतां पाहतां तिच्या काळ्या रंगाचा बाजार मांडला गेला. २०१९ सालीं सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथाच्या नांवानें शेतकऱ्यांची जी फसवणूक झाली, ती वाचकांना आठवत असेल. ही कोंबडी वर्षाकाठीं शंभराच्या आंतच अंडीं घालते आणि तीं अंडीं काळीं नसतात, एवढी साधी गोष्ट तरी पैसे गुंतविणाऱ्यांना कोणीं सांगितली होती काय? बोस्टनचें जुनें वेड वारणेच्या कांठीं आलें, इतकेंच.

मग करावें काय? प्रदर्शनें बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. रूपाची हौस ही माणसाची जुनी हौस आहे आणि तिच्याच जोरावर लोक पदरचा पैसा घालून पक्षी पाळतात. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९८४ सालीं स्थापन झालेली संस्था देशी जातींची नोंद करीत आहे, हेंहि योग्यच आहे. परंतु आपल्या जातींचीं प्रमाणें ठरवितांना चार गोष्टी त्यांत असाव्यात असा आमचा आग्रह आहे. ज्याच्या आईच्या वर्षभराच्या अंड्यांची व उबलेल्या पिलांची नोंद नाहीं, त्या कोंबड्याला बक्षीस देऊं नये. तीन वर्षें ओलांडूनहि धडधाकट असलेल्या पक्ष्यांचा वर्ग सर्वांत मानाचा धरावा. तुऱ्याच्या किंवा पिसाच्या एखाद्या दोषासाठीं चांगल्या कोंबडीचें जोमदार पिलूं बाद करूं नये. आणि परीक्षकांच्या रांगेंत, जिनें आपल्या परसांत या पक्ष्यांच्या वीस पिढ्या वाढविल्या आहेत अशा एखाद्या भिल्ल बाईला बसवावें; तिला रंगाच्या छटा सांगतां आल्या नाहींत तरी कोणतें पिलूं पावसाळा काढील हें ती पाहतांच सांगेल.

यावर हौशी मंडळी म्हणतील कीं, एवढी नोंद कोण ठेवतो? हौसेच्या पायांत ही बेडी कशाला? ठीक आहे. ज्यांना पिसाऱ्याचीच हौस असेल त्यांनीं ती खुशाल करावी, आम्ही आड येणार नाहीं. मात्र तिला वारशाचें रक्षण म्हणूं नये आणि त्या नांवावर सरकारचें अनुदान व शेतकऱ्याचा पैसा मागूं नये. वाचकांना आमची एकच सूचना आहे. पुढच्या प्रदर्शनांत चांदीचा पेला हातीं घेऊन उभा असलेला मालक दिसला, तर त्याचें अभिनंदन करण्यापूर्वीं त्याला विचारावें : या कोंबड्याच्या आईनें गेल्या वर्षीं अंडीं किती घातलीं, आणि त्यांतलीं किती उबलीं? त्याला उत्तर देतां आलें नाहीं, तर पेला पिसांना मिळाला आहे असें समजून पुढें चालावें.