फाशी लोखंडाला

रीमॅप केलेल्या डिझेल स्विफ्टचा गिअरबॉक्स गेला की आपल्याकडे निकाल ठरलेला: "कंपनीचं लोखंडच कच्चं!" इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवणारा मोकळा, गाडी हाणणारा मोकळा, आणि फाशी लोखंडाला.

निदान जालनेकरांनी तरी असं बोलू नये. आपल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनते. लालभडक सळईवर पाण्याचा मारा केला की वरचा थर कडक होतो, गाभा चिवट राहतो. गिअरच्या दाताचंही तत्त्व हेच. फक्त तिथे पृष्ठभागात कर्ब मुरवून जेमतेम मिलिमीटरभर कडक कवच बनवतात. ते किती भार सोसेल, हे गिअरबॉक्स बनवतानाच ठरलेलं असतं.

आता हिशेब करा. त्या १२४८ सीसी इंजिनाचा मूळ टॉर्क १९० न्यूटन मीटर. समजा, रीमॅप करून तो २५० वर नेला. दातांवरचा भार जवळजवळ एक तृतीयांशाने वाढला. आयुष्य मात्र तेवढ्यावर थांबत नाही, ते कितीतरी पटींनी घटतं. दात त्या दिवशी मोडत नाही. आधी केसाएवढी चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि मग एक दिवस तो 'अचानक' तुटतो.

बरं, मध्ये एक पहारेकरी असतो, क्लच प्लेट. भार फार झाला की ती घसरते आणि गिअर वाचतात. आपले बहाद्दर काय करतात? जास्त पकडीची प्लेट बसवतात! फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालण्यातलाच प्रकार. वर सिग्नल सुटताच आरपीएम चढवून क्लच झटक्यात सोडायचा. फिरत्या फ्लायव्हीलचा सगळा हिसका दातांवर.

हौसेला माझा विरोध नाही. स्वतःच्या पैशानं स्वतःची गाडी मोडा. पण तसं होत नाही ना! गाडी विकायला काढताना मूळ सेटिंग परत टाकलं की घेणाऱ्याला काही कळायला मार्ग नाही. घेतो कुणीतरी नोकरदार, पै-पै साठवून. बायकापोरांना घेऊन समृद्धीवर १२० च्या वेगानं निघतो, त्या चिरेसकट.

म्हणून रीमॅप करणाऱ्यानं टॉर्क किती वाढवला ते बिलावर लिहून द्यावं, आणि विकणाऱ्यानं ते बिल दाखवावं. एवढी लाज असेल तर खुशाल हौस करा. नाहीतर लोखंडाला नावं ठेवू नका.