चुलीचा कैवार

आमच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे एक नवा भक्तिसंप्रदाय उदयास आला आहे. त्याचे दैवत चूल. सोलापूर-धुळे महामार्गाने तुळजापूरहून येरमाळ्याकडे निघालेल्या प्रवाशास ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या दिसतात, आणि त्या पाहून मोटारी थांबविणारे गृहस्थ घरी परतल्यावर कुकराची निंदा करू लागतात. जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले, तरी येथील काळ्याभोर, दुष्काळातही तग धरणाऱ्या शेळीची जात उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. तिचे मांस कुकरात शिजविणे म्हणजे त्याची विटंबना, असा या मंडळींचा सिद्धान्त आहे. तो आम्हांस मुळीच मान्य नाही.

प्रथम शास्त्राचे पाहू. कठीण मांस मऊ होते ते लाकडांच्या पुण्याईने नव्हे. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे द्रव्य ओल्या उष्णतेने विरघळून त्याचे जिलेटिन बनते, म्हणून मांस मऊ होते. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही. कोंडलेल्या वाफेत ते सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, आणि तासांचे काम मिनिटांवर येते. ही युक्ती कालपरवाची नव्हे. देनी पापँ या फ्रेंच विद्वानाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले वाफेचे भांडे मांडले, ते मुळी हाडे मऊ करण्यासाठीच. नळीच्या हाडासाठी पंक्तीत भांडणाऱ्या आमच्या मित्रांनी वास्तविक या पुरुषाची पुण्यतिथी पाळावयास हवी!

‘परंतु चवीचे काय?’ असा प्रश्न येईल. येथे जपानातील काकुनी या पदार्थाचे उदाहरण घेऊ. डुकराचे मांस आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी शिजत नाही, हे आम्ही जाणतो. पण प्रश्न आहाराचा नसून पद्धतीचा आहे. पोटाकडील चरबीदार मांसाचे चौकोनी तुकडे प्रथम आले व कांद्याची पात घालून साध्या पाण्यात शिजवितात. मग सोया सॉस, साके नावाचे तांदळाचे मद्य आणि साखर यांत ते मंद आचेवर मुरवितात. आज तेथील अनेक गृहिणी पहिले काम कुकराकडे सोपवितात आणि रस मात्र उघड्या भांड्यातच आटवितात. मऊपणा वाफेचा, चव आटविण्याची, असा हा सरळ श्रमविभाग आहे.

आमच्या मराठवाड्यातील रश्श्याची रीत याहून निराळी कोठे आहे? कांदा-खोबरे काळसर होईतो भाजणे, मसाला तेल सुटेपर्यंत परतणे, येसूर लावून रस्सा दाट करणे, यांत चव आहे. आणि यांपैकी एकही काम कुकर हिरावून घेत नाही. झाकलेल्या भगोन्यात धूर तरी कितीसा शिरतो? तो शिरतो स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत.

कुकराचा दुरुपयोग होतो, हे आम्ही नाकारीत नाही. सारे जिन्नस एकदम कोंबून शिट्ट्या मोजीत बसणाऱ्यांनीच त्याची अपकीर्ती केली आहे. शिट्टी हे काही घड्याळ नव्हे. वाफ भरताच आच कमी करावी व मिनिटे मोजावीत. कोवळ्या बोकडास थोडी, जुन्यास अधिक. एवढे तारतम्य न बाळगल्यास मांसाच्या चिंध्या होतील. पण तो दोष भांड्याचा नव्हे.

आता चवीच्या मूल्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातील धुरामुळे जगात सुमारे 32 लक्ष माणसे दगावली. आम्हांस मात्र या आकड्याहून आमचेच घर अधिक बोचते. आमच्या लहानपणी रविवारी मातोश्री तुराट्या व गोवऱ्या घेऊन दोन-तीन तास चुलीपुढे बसत आणि सर्वांची पाने उठल्यावर जेवत. पुढे घरात कुकर आला. त्यात शिजलेल्या मटणास ‘पूर्वीची चव नाही’ असे म्हणून प्रथम नाक मुरडले ते आम्हीच. मातोश्री काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या पुन्हा चुलीपुढे बसल्या, आणि कुकर डाळभातापुरता उरला. आपल्या एका वाक्याची किंमत त्यांनी किती वर्षे भरली, याचा हिशेब आम्ही त्या हयात असताना केला नाही. आज तो करून उपयोग नाही. परंतु दुसऱ्या घरांत तेच वाक्य उच्चारले जात असता गप्प बसणे आम्हांस शक्य नाही.

चुलीचा खरा कैवारी असेल त्याने स्वतः तुराट्या मोडाव्यात, फुंकणी हाती घ्यावी, तीन तास धूर सोसावा आणि सर्वांना वाढून मग जेवावे. असे वर्षभर करूनही त्याचे मत कायम राहिले, तर त्याच्या रसिकतेचा आम्ही अवश्य आदर करू. तोवर दुसरीच्या डोळ्यांतील पाण्यावर आपली रसिकता पोसणे त्याने सोडावे, एवढेच आमचे मागणे आहे.