तंजावरास राहायला जाताना

या सदरात एरवी मी शब्दांच्या कुळकथा सांगत असतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी या खेपेस थोडी जागा अधिक दिली, तेव्हा मनाशी ठरवले की छत्री, चटई आणि पिण्याचे पाणी यांविषयीच एकदा लिहावे. त्यास कारणही तसेच घडले.

२०२३ च्या मे महिन्यात माझी एक विद्यार्थिनी तमिळ शिकण्यासाठी तंजावरला गेली. मुलगी शेतकऱ्याची, जिद्दीची. तंजावरच्या भोसले राजांच्या पदरी लिहिली गेलेली मराठी नाटके तिने अभ्यासाला घेतली होती. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही नाटके. ती जिथे झाली, तिथली भाषा कानावरून गेल्याखेरीज ती कळायची नाहीत, हे वेड तिच्या डोक्यात मीच भरवले. जाण्यापूर्वी तीन महिने मी तिला लिपी शिकवली. बारा स्वर, अठरा व्यंजने, एक आय्तम् आणि त्यांच्या सगळ्या जोडण्या मिळून २४७ अक्षरे. तोंडपाठ करून घेतली. वर व्याकरणाचे एक पुस्तक दिले आणि गुरुपदाच्या समाधानात सुटीवर निघून गेलो.

बाराव्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. मुलगी दवाखान्यात, हाताला सलाईन. भर दुपारी रस्त्यात तिला भोवळ आली; एका फुलवालीने धरून सावलीत बसवले. ती बाई परोपरीने विचारीत होती, काय होते आहे? पण चक्कर येते, एवढे सांगण्यास या मुलीजवळ शब्द नव्हता! क्रियापदांचे तिन्ही काळ तिला येत होते. ‘तलै सुत्तुदु’, म्हणजे डोके गरगरते, हे दोन शब्द तेवढे येत नव्हते. कारण ते मी शिकवलेच नव्हते.

पुढे वडील तिला घेऊन घरी आले. रागावले मुळीच नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, “सर, अक्षरं शिकवलीत, लई चांगलं केलंत. पण तिकडं ऊन कसं असतंय, हे कुणी सांगायचं हुतं?”

मी स्वतः तिथे दोनदा मुक्काम केलेला माणूस. त्या प्रश्नावर मला उत्तर सुचले नाही. ते आता लिहितो आहे.

पहिली गोष्ट, मे महिन्यात जाऊ नका. आमच्या विद्यार्थ्यांना सुटी मेमध्ये, म्हणून ते मेमध्ये जातात. आणि मेमध्येच तिथे ‘अग्निनक्षत्र’ चालू असते. तीन-साडेतीन आठवड्यांचा हा काळ. तिथले लोकही तेव्हा दुपारी घराबाहेर पडत नाहीत. आपल्याकडच्या कोरड्या मुलखातील मुले म्हणतात, आम्हाला उन्हाची सवय आहे. ती सवय तिथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे घाम येतो, वाऱ्याने वाळतो आणि वाळता वाळता अंग निववतो. तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, हवा दमट. घाम येतो तो अंगावरच राहतो, आणि आतली उष्णता आतच. म्हणून पारा आपल्यापेक्षा दोन अंश खाली असला, तरी माणूस आधी तिथे कोसळतो.

दुसरे असे की, पावसाचे आपले पंचांग तिकडे चालत नाही. आपण दसऱ्याला छत्री माळ्यावर टाकतो. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. हे मला ठाऊक नसल्यामुळे माझ्या वह्यांचा एक गठ्ठा लगदा झाला होता. एवंच, पोंगल आटोपल्यावर, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंतचे दिवस उत्तम. कॉलेज बुडेल, हे खरे. ते बुडवण्याची परवानगी मिळवून देणे हे शिक्षकाचे काम. लिपी शिकवण्याच्या आधीचे.

प्रवासाविषयी फार सांगण्यासारखे नाही. चेन्नई गाठावी, एग्मोर स्टेशनावरून रात्रीची गाडी धरावी, सकाळी तंजावरला उतरावे.

खोली मात्र नीट पाहून घ्यावी. त्या मुलीला घरमालकाने फोनवर ‘माडी रूम’ असे सांगितले. तिला आनंद झाला. माडी! आपलाच शब्द! शुभशकून समजून तिने आगाऊ पैसे पाठवून दिले. शब्द आपल्यासारखाच होता, पण खोली होती थेट गच्चीच्या स्लॅबखाली. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत ऊन ओतीत असे. मोरी खाली, मालकाच्या स्वयंपाकघराला लागून. जायला संकोच वाटे, म्हणून ती पाणीच कमी पिऊ लागली. मुली हे कोणाला सांगत नाहीत, आणि माझ्यासारखे शिक्षक विचारीत नाहीत. तेव्हा विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, दोन बाजूंनी वारा येतो का, मोरी कुठे आहे, रात्री दिवा आहे का. भाडे शेवटी विचारा.

बरोबर काय न्यावे? मच्छरदाणी, सुती सैल कपडे, देवळाशी चटकन काढता येईल असे पायताण, मीठ-साखरेच्या पाण्याची तयार मिळते ती पुडी दहा-वीस आणि छत्री. ही छत्री उन्हातही लागते. पाणी उकळलेलेच प्यावे. ‘सुडु तण्णी’ म्हटले की गरम पाणी मिळते. पुष्कळ घरांत जिरे घालून उकळलेले पाणी ठेवलेले असते, ते फार चांगले. खाण्याची काळजी नको. सकाळी इडली, दुपारी पानावर भात, सांबार, रसम् आणि शेवटी दहीभात. हा शेवटचा दहीभात ‘पोट भरले’ म्हणून टाळू नये. त्या हवेत तेच औषध आहे. जेवण झाल्यावर पान वरच्या बाजूने आपल्याकडे मिटावे. मी प्रथम ते उलटे मिटले होते, आणि वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी अशुभ घडल्याचे मला कळले.

दिवसाची मांडणी त्या गावाप्रमाणे करावी. पहाटे पाच ते नऊ अभ्यास, मग ग्रंथालय, बारा ते चार सावली. देवळांचे गाभारेसुद्धा दुपारी बंद असतात. देव विश्रांती घेतो, तिथे एम. ए.च्या विद्यार्थ्याने हिंडण्याचे कारण नाही.

आता भाषा. तमिळच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कळते की आपण शिकून आलो ती भाषा इथे कोणी बोलतच नाही. पुस्तकात ‘इरुक्किरदु’, तोंडी ‘इरुक्कु’. पुस्तकात ‘पोगिरेन’, रस्त्यावर ‘पोरेन’. ‘जेवलात का?’ हे पुस्तकात ‘साप्पिट्टीर्गळा’ असते आणि दारातल्या बाईच्या तोंडी ‘साप्टीङ्गळा’. मोबाइलमधले भाषांतर बहुधा पुस्तकाच्या बाजूचे असते. ते वाचून तुम्ही रिक्षा ठरवायला गेलात, तर रिक्षावाल्याला शिलालेख ऐकल्यासारखे वाटते. म्हणून लिपी घरून शिकून जावी, पण पहिले दहा शब्द बोलीतले असावेत: वेणुम (हवे), वेण्डाम (नको), पोदुम (पुरे), एङ्गे (कुठे), पुरियल (कळले नाही), मेदुवा पेसुङ्ग (सावकाश बोला). आणि आता मी सर्वांत आधी शिकवतो ते: तलै सुत्तुदु.

मराठी माणसाला इथे थोडी सवलतही आहे. ‘ळ’ आपल्या तोंडात असतो, हिंदीवाल्यांची तिथेच दमछाक होते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आपल्याला ठाऊक असतो. तमिळमध्ये तोच ‘नाङ्गळ’ आणि ‘नाम’. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेही ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, जाऊन येतो. पण हीच जवळीक फसवतेही. तिकडे ‘कल्याणम्’ म्हणजे लग्न, ‘अवसरम्’ म्हणजे घाई, आणि कोणी ‘संसारम्’ म्हणाले तर ते बायकोबद्दल बोलत असण्याचा संभव असतो.

माझा पहिला मुक्काम २००६ सालचा. सरस्वती महाल ग्रंथालयात बसायचे आणि तमिळ शिकायचे, असा दुहेरी बेत होता. राहिलो एका तंजावरी मराठी घरात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर आणि मागाहून जी घराणी तिकडे गेली, त्यांतले एक. १८५५ साली ते राज्य खालसा झाले, तरी घरात मराठी राहिली. तमिळचा हेल असलेले ते मराठी कानाला इतके गोड वाटे की मी दिवसभर तेच ऐकत बसे. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरवला आहे. संध्याकाळी तो वाचायला जाई. माणसे मराठी, दगड मराठी! दोन महिन्यांनी परतलो तेव्हा तमिळची दहा वाक्ये येत होती, आणि त्यांतली सहा चुकीची. त्या घराच्या प्रेमाला मी अजून विसरलो नाही. परंतु भाषा शिकायची असेल, तर जिथे आपल्या भाषेत पाणी मिळते, तिथे राहू नये.

म्हणून २०११ साली, सप्टेंबर ते डिसेंबर, एका तमिळ आजीबाईंच्या घरी राहिलो. त्यांना सगळे ‘पाट्टी’ म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्या रात्री पाट्टींनी विचारले, “पाय वेणुमा?” मी आपल्या पायांकडे पाहिले. पाय म्हणजे चटई. मग म्हणाल्या, “पाल वेणुमा?” मी दचकून भिंतीकडे पाहिले. पाल म्हणजे दूध. दुसऱ्या दिवशी उन्हातून आलो, तर ‘मोर’ देऊ का म्हणाल्या. ते ताक निघाले. कहर झाला तो जेवताना. त्यांचे बोलणे कळेना, म्हणून मी सारखा सवयीने “काय? काय?” म्हणे, आणि दर वेळी पाट्टी पानावर भाजी वाढीत. काय म्हणजे भाजी. चार वेळा वाढून झाल्यावर मी कासावीस होऊन “नाय, नाय!” म्हणालो. पाट्टी उठून दाराशी गेल्या आणि बाहेर कुत्रा आला आहे का, ते पाहू लागल्या.

त्या घरात सगळे तमिळमध्येच मागावे लागे, म्हणून तमिळ आले. एकदा तीन दिवस ताप आला, त्यात तर अर्धे व्याकरण पक्के झाले. पाट्टी तासातासाला येऊन विचारीत आणि उत्तर मिळाल्याखेरीज जात नसत.

दिवाळीही तिथेच झाली. त्यांची दीपावली एका दिवसाची, नरकचतुर्दशीची. पहाटे साडेतीनला पाट्टींनी उठवले, डोक्यावर तेल थापले, बाहेर धो धो पाऊस. आंघोळ करून आलो तर शेजारचा प्रत्येक जण विचारीत होता, “गंगास्नानम् आच्चा?” गंगास्नान झाले का? फराळाच्या आधी सुंठ-मिऱ्यांचे तिखटगोड लेह्य चाटवतात, पोट बिघडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीपूजनाची वाट पाहिली, पुढे भाऊबिजेची. काहीच आले नाही. बहिणीची फार आठवण झाली. पाट्टींना ते सांगता येईल एवढे तमिळ तोवर आले होते, सांगितले. त्यांनी पुन्हा एकदा गोडाचे केले.

ती मुलगी येत्या पोंगलनंतर पुन्हा जाणार आहे. तिकिटे काढून झाली. परवा वडिलांना घेऊन सामान दाखवायला आली होती. छत्री होती, मच्छरदाणी होती, पुड्या मोजून वीस. निघताना म्हणाली, “पोयिट्टु वरेन, सर.” वडिलांनी त्याचा अर्थ विचारला, तिने सांगितला; ते नुसते हसले. मग फाटकापर्यंत जाऊन एकटेच परत आले.

“सर,” ते हळूच म्हणाले, “खोली या टायमाला खालचीच हाय ना?”