हे कुणाचं आहे?



मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले, "आमची मुलगी ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत केजीत जाते. चोरी वाईट, हे तिथे बायबलमधल्या गोष्टींतून शिकवतात. आम्ही घरी वेगळे काय सांगावे? आणि उद्या दुसऱ्याचा खोडरबर तिच्या दप्तरात निघाला तर काय करावे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. चोरीच्या बाबतीत वेगळे काही सांगण्याची गरज नाही. हजरत मूसा (अलै.) यांच्या ज्या दहा आज्ञा ख्रिस्ती मुले पाठ करतात, त्यांत चोरीची मनाई आहे. कॅथलिक मोजणीत ती सातवी येते, प्रोटेस्टंट मोजणीत आठवी. आपल्याकडे सूरह मुम्तहिनामध्ये स्त्रियांकडून जी बैअत घेण्यास सांगितले आहे, तिच्यात शिर्कनंतर लगेच चोरी न करण्याचे वचन येते. अडचण आहे ती दुसऱ्या प्रश्नाची. त्यासाठी आम्ही डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग सांगतो.

रामदासपेठेत लेंड्रा पार्कच्या बाजूला आमच्या एक ख्रिस्ती सहकारी शिक्षिका राहतात. रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की त्यांच्या बैठकीत चार ते सात वर्षांच्या दहा-बारा मुलांचा वर्ग भरतो. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही काही पुस्तके परत करायला गेलो होतो. "बसा ना, अर्ध्या तासात मोकळी होते," म्हणाल्या, म्हणून मागे बसलो.

त्या दिवशी जक्कयाची गोष्ट होती. जक्कय हा यरीहो शहरातला जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. हजरत ईसा (अलै.) गावात आले तेव्हा हा ठेंगणा माणूस त्यांना पाहायला उंबराच्या झाडावर चढला. ते त्याच्याच घरी उतरले. तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले.

शिक्षिकांनी खुर्चीचे झाड केले आणि मुलांना कागदाचे रुपये वाटले. जक्कय झालेल्या मुलाने प्रत्येकाकडून एक-एक रुपया घेतला. परत देताना प्रत्येकाला चार द्यायचे होते. तिसऱ्या मुलापाशीच त्याचे रुपये संपले. "टीचर, एवढे तर माझ्याकडे नाहीतच!" तो रडवेला झाला. सगळे हसले. शिक्षिका एवढेच म्हणाल्या, "बघ, घेणं किती सोपं होतं!"

वर्ग सुटला. मुलांना न्यायला पालक आले. एक पाच वर्षांची मुलगी मूठ घट्ट मिटून दारात उभी होती. आईने मूठ उघडली तर आत मातीचे छोटे कोकरू! कोपऱ्यात नाताळसाठी गव्हाणीचा देखावा मांडला होता, त्यातले. आईचा चेहरा उतरला. इतर पालक बघत होते. तिने हात उगारला.

शिक्षिका मध्ये आल्या आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या.

"हे कोकरू कुणाचं आहे?"

मुलगी गप्प.

"त्याचं घर कुठे?"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवले.

"चल, दोघी मिळून सोडून येऊ."

मुलीने आपल्या हाताने कोकरू गवतावर ठेवले. "पुन्हा खेळावंसं वाटलं तर काय करशील?" "विचारीन." "शाब्बास!" आई पुटपुटली, "घरी गेल्यावर बघते हिला." त्यावर शिक्षिका हळूच म्हणाल्या, "ताई, ते झालं आता. तिनं परत ठेवलं ना!"

सगळ्या बोलण्यात 'चोर' हा शब्द एकदाही आला नाही.

आम्ही घरी परतताना गप्पच होतो. आम्हाला आमची नोकरीची पहिली वर्षे आठवत होती. वर्गात एका मुलाची नवी कंपासपेटी हरवली. आम्ही सगळ्यांची दप्तरे उघडायला लावली आणि सुरुवात केली ती एका रिक्षावाल्याच्या मुलापासून. त्याच्यापासूनच का, हे तेव्हा स्वतःला विचारलेही नाही. त्याच्या दप्तरात काही नव्हते. पेटी दुसऱ्या दिवशी ज्याची होती त्याच्याच घरी पलंगाखाली मिळाली. तो मुलगा पुढे वर्षभर वर्गात होता, पण त्याने आमच्याकडे मान वर करून कधी पाहिले नाही. त्याची माफी मागण्याचे धाडसही आम्हाला झाले नाही. एका मुलाची वस्तू शोधताना आम्ही दुसऱ्याची इज्जत घेतली होती, आणि ती परत केली नाही.

बीएडला आम्ही स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे वाचला होता. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या नैतिक विचारावरील पुस्तकात त्याने मुलांना विचारलेल्या दोन गोष्टी आहेत. एक मुलगा उपाशी मित्रासाठी दुकानातून पाव उचलतो. एक मुलगी स्वतःला नटायला रिबीन उचलते. जास्त वाईट कोण? लहान मुलांपैकी अनेकांनी पावाकडे बोट दाखवले, कारण पाव मोठा आणि महाग. हेतू पाहणे मुलांना पुढे वय वाढल्यावर जमते. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात आपण समजतो तशी 'चोरी' नसतेच. आवडले म्हणून घेतले, इतकेच. 'हे माझे, ते तुझे' ही रेघच त्याच्यासाठी अजून कच्ची असते. ती पक्की करणे हे आपले काम.

आणि गंमत पाहा, वेगवेगळ्या वाटांनी सगळे जण सात वर्षांपाशी येतात. हदीसमध्ये मुलांना सातव्या वर्षापासून नमाज सांगायला म्हटले आहे, आणि मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेले आहे, म्हणजे त्याचे गुनाह लिहिले जात नाहीत. कॅथलिक चर्चने 1910 मध्ये समज येण्याचे वय साधारण सात धरले. आपल्या देशाच्या कायद्यातही सात वर्षांखालील मुलाचे कोणतेच कृत्य गुन्हा ठरत नाही. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम 82 मध्ये होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 मध्ये आहे. ज्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाही, ज्याच्या नावे फरिश्ते गुनाह लिहीत नाहीत, त्याला आपण चारचौघांत 'चोर' म्हणावे का?

पण मग सोडून द्यावे का? नाही. सहीह बुखारीमध्ये प्रसंग आहे. नातू हजरत हसन (रजि.) अगदी लहान असताना त्यांनी सदक्याच्या खजुरांतली एक तोंडात टाकली. प्रेषितांनी (स.) ती लगेच थुंकायला लावली आणि कारणही सांगितले की आपण सदक्याचे खात नाही. 'लहान आहे, एका खजुरीने काय होते' असे म्हटले नाही. मारलेही नाही. तिथल्या तिथे थांबवले, वस्तू बाहेर काढली आणि कारण सांगितले. रामदासपेठेच्या त्या बैठकीत आम्ही तरी दुसरे काय पाहिले?

भगिनींनो, खोडरबर दप्तरात निघाला तर इतकेच करा. "कुठून आणलास?" असा दरडावून सवाल करू नका. भीतीपोटी मूल खोटे बोलेल आणि एका चुकीच्या दोन होतील. "हे कुणाचं आहे?" असे विचारा. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत शाळेत जा आणि त्याच्याच हाताने परत करवा. आपण गुपचूप परत केले तर मूल काही शिकत नाही. बंद्यांच्या हक्काची तौबा वस्तू परत केल्याशिवाय पुरी होत नाही, हे आपले उलेमा सांगतात. जक्कयाची गोष्टही तेच सांगते. परत केल्यावर मात्र विषय संपवा. खालाजानला, मामूला फोनवर सांगत बसू नका.

आणि घरात स्वतःकडेही पाहा. किराणा दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त दिले, ते आपण मुलासमोर परत करतो का? एसटीत अर्धे तिकीट वाचवायला "वय कमी सांग" म्हणतो का? मुलाच्या गल्ल्यातली ईदी त्याला न विचारता काढतो का? त्याच्या वस्तूला आपण 'त्याची' मानले नाही, तर दुसऱ्याची वस्तू 'दुसऱ्याची' हे तो कुठून शिकेल?

आता आमच्या वर्गात काही हरवले की आम्ही दप्तरे उघडत नाही. टेबलावर एक रिकामा डबा ठेवतो आणि म्हणतो, "चुकून कुणाकडे गेलं असेल तर सुट्टीत यात ठेवा." सुट्टीत आम्ही वर्गाबाहेर थांबतो. बहुतेक वेळा वस्तू डब्यात येते. कुणी ठेवली, हे आम्ही विचारत नाही.